ऑनलाइन मार्केटिंगच्या कामाला जोडधंदे: पुरानंतर मी काय काय करून पाहिलं

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी. "ऑनलाइन मार्केटिंगची कामं घेतो, पण तेवढ्यावर भागत नाही, अजून काय जोडू?" असा प्रश्न इथे दर दोन-तीन महिन्यांनी येतो. उत्तरात यूट्यूब, ॲफिलिएट (दुसऱ्याची वस्तू सुचवून विक्रीमागे कमिशन घेणं), कोर्स, ई-बुक अशी यादी पडते आणि विषय तिथेच थांबतो. मी चिपळूणमध्ये नऊ वर्षं हे काम करते आहे. काय टिकलं, काय सोडलं आणि कुठे हात पोळले, ते जरा सविस्तर लिहिते.

२०२१ च्या जुलैपर्यंत माझ्याकडे अकरा गिऱ्हाइकं होती. त्यांची फेसबुक-इन्स्टाची पानं सांभाळायची, गूगलवरची दुकानाची नोंद अद्ययावत ठेवायची, जाहिराती चालवायच्या आणि महिन्याला ठरलेली फी घ्यायची. अकरांपैकी नऊ जण इथल्या बाजारपेठेतले. साड्या, भांडी, मोबाईल, दोन दवाखाने, एक बेकरी. २२ जुलैला पूर आला. पाणी उतरल्यावर मी बाजारात गेले तेव्हा साडीवाल्या काकांच्या दुकानासमोर रस्त्यावर पैठण्यांचा ढीग होता. चिखलाने सगळ्यांचा रंग एकच झालेला. त्याच पैठण्यांचे फोटो मी पंधरा दिवसांपूर्वी काढले होते, श्रावणातल्या जाहिरातीसाठी. काका एकेक साडी उचलून पिळत होते. त्या महिन्याचे पैसे मागायला माझ्याने फोन उचलवला नाही आणि उचलायचाही नव्हता.

अकरा गिऱ्हाइकं म्हणजे अकरा आधार, असं मी धरून चालले होते. आधार एकच होता, ती बाजारपेठ. ती बसली आणि नऊ फिया एका दिवसात थांबल्या.

त्यानंतर जे जे जोडलं, ते जोडताना एकच प्रश्न विचारत गेले: आत्ताचं उत्पन्न ज्या कारणाने बंद पडेल, त्याच कारणाने हेही बंद पडेल का? पडणार असेल तर ते जास्तीचं काम आहे, वेगळं उत्पन्न नाही.

पहिलं जोडलं ते वेबसाइटचं वार्षिक देखभालीचं काम. आधी साइट करून दिली की संपलं, असं होतं. आता डोमेन (साइटचा पत्ता), होस्टिंग (साइट ठेवायची जागा), बॅकअप आणि लहानसहान बदल मिळून वर्षाची रक्कम घेते, तीही आगाऊ. आज चौतीस साइट आहेत, त्यातल्या निम्म्या पुणे, डोंबिवली आणि कोल्हापूरच्या. भिंतीवर कालनिर्णय आहे, त्यावर प्रत्येक डोमेनची तारीख लाल पेनाने लिहिलेली असते आणि दीड महिना आधी आठवण जाते. एकदा एक तारीख चुकली होती. मुदत उलटल्यावर ते डोमेन सोडवून आणायला नेहमीच्या कित्येक पट पैसे गेले, ते मी माझ्या खिशातून भरले. डोमेन नेहमी गिऱ्हाइकाच्या नावावर घ्या. स्वतःच्या नावावर ठेवून त्याला बांधून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. तो धंदा नव्हे.

दुसरं, सणांच्या शुभेच्छांची डिझाइनं. संक्रांत, शिवजयंती, पाडवा, आंबेडकर जयंती, महाराष्ट्र दिन, आषाढी, गणपती, दसरा, दिवाळी. प्रत्येक दुकानदाराला त्या सकाळी स्टेटसला टाकायला स्वतःच्या नावाचं चित्र हवं असतं. मूळ डिझाइन एकदा करायचं, त्यावर दुकानाचं नाव, लोगो, फोन बसवून द्यायचा. वर्षाला तीन हजार, साठ दुकानं. बहुतेक चिपळूणबाहेरची, एकाने दुसऱ्याला सांगून आलेली. इथे फाँटकडे लक्ष द्या. कुठून तरी उतरवून घेतलेला फाँट विकायच्या कामात वापरू नका. मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या मंडळींचे मुक्त आणि बलू हे देवनागरी फाँट खुल्या परवान्याचे आहेत, धंद्यात बिनदिक्कत चालतात. आणि महापुरुषाच्या चित्राखाली तारीख चुकली तर शिव्या दुकानदार खातो, म्हणून पाठवायच्या आधी घरातल्या दुसऱ्या माणसाकडून वाचून घेते.

तिसरं आंब्याचं, ज्यात मी पोळले. बागायतदार थेट गिऱ्हाइकाला हापूस विकू लागले, तेव्हा मी फोटो, ऑर्डरचा फॉर्म आणि जाहिराती असं सगळं घेतलं आणि मोबदला ठरवला पेटीमागे. पहिल्या वर्षी मार्च ते मे उत्तम गेलं. दुसऱ्या वर्षी मेच्या उकाड्यात दोन डझनाची अठरा खोकी वाटेत चार दिवस अडकली आणि फळ आतून गेलं. लोकांनी फोन मला केले, कारण जाहिरातीवर नंबर माझा होता. पेटीमागे पैसे घेता तेव्हा पेटीची जबाबदारीही तुमची होते, हे मला आधी सुचलं नव्हतं. आता हंगामाची ठरावीक फी घेते, ऑर्डरवर अगदी लहान हिस्सा, आणि फोन नंबर बागायतदाराचा.

चौथं, बचत गटांच्या बायकांना शिकवणं. खिडकीजवळच्या उजेडात कोकम सरबताच्या बाटलीचा फोटो कसा काढायचा, व्हॉट्सॲप बिझनेसवर कॅटलॉग कसा लावायचा. मानधन फार नाही, पण इथूनच मला सगळ्यात जास्त नवी कामं मिळाली.

सोडलं ते ॲफिलिएट. ट्रायपॉड, माइक, रिंग लाइट यांची मराठीत ओळख करून देणारा ब्लॉग दोन वर्षं चालवला. महिन्याला अकरा तास, हातात सरासरी नऊशे रुपये. शिवाय दर ठरवणारे आपण नसतो. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत ॲमेझॉनने फर्निचर आणि घरगुती सामानाचं कमिशन ८ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणलं, आठवडाभराची सूचना देऊन. त्यावर पोट असलेल्यांचं काय झालं असेल?

तुमचे अनुभव लिहा. विशेषतः हिशोब आणि कर सांभाळणारं कुणी असेल तर जरूर.

---

नवखा_ओझर

वाचनखूण साठवली. पूर्ण वाचून काढलं, परत वाचणार.

---

मळणीयंत्र

ताई, पैठण्यांचं वाचून गलबललं. मी लातूरकडचा. शेतीच्या अवजारांचे व्हिडिओ करतो, पेरणीयंत्र, मळणीयंत्र, फवारणी पंप. माझा पूर वेगळा होता. २९ जून २०२० ला टिकटॉकसकट ५९ ॲपवर बंदी आली. माझे तिथे चांगले दीड लाख लोक होते आणि त्यातल्या एकाचाही फोन नंबर माझ्याकडे नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि माझा भाऊ शेतात बसून होतो, कुणाला काय सांगायचं तेच कळेना.

यूट्यूबवर परत शून्यातून उभं केलं. नवीन मुलांना सांगतो, पूर्ण जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४,००० तास पाहणं लागतं. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीतला ५५ टक्के हिस्सा आपल्याला मिळतो. खात्यात १० डॉलर झाले की पत्त्याची खात्री करायला पोस्टाने पिन येतो. आमच्या पोस्टमनदादांनी ते पाकीट विजेचं बिल समजून शेजारी दिलं होतं, तीन आठवडे शोधत होतो! १०० डॉलर झाल्याशिवाय पैसे निघत नाहीत. आणि कराची माहिती भरायला विसरू नका. २०२१ पासून अमेरिकेतल्या प्रेक्षकांमुळे झालेल्या कमाईवर तिथला कर कापतात. फॉर्म भरला तर भारत-अमेरिका कर करारानुसार तेवढ्याच भागावर १५ टक्के, नाही भरला तर सगळ्या जगातल्या कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत. न्यू जर्सीतली मराठी मंडळी गावाकडचे व्हिडिओ आवडीने बघतात, त्यामुळे हा भाग आपल्याला लागू होतो.

पण खरं सांगतो, जाहिरातींच्या पैशात डिझेल आणि मोबाईलचं रिचार्ज निघतं, घर नाही. घर चालतं ते अवजार विकणाऱ्या दुकानदारांवर. मी त्यांना चौकशा आणून देतो. शेतकरी व्हिडिओ बघून फोन करतो, मी गाव, एकर, पीक आणि ट्रॅक्टर किती एचपीचा ते लिहून घेतो आणि त्या तालुक्यातल्या दुकानाला देतो. चौकशीमागे पैसे. तुमच्या प्रश्नात घालून बघितलं. उद्या यूट्यूब बंद झालं तरी माझ्या वहीत सहा हजार शेतकऱ्यांचे नंबर आहेत, त्यांना विचारून घेतलेले.

---

हिशोबाची वही

वाशिष्ठीकाठ, चांगला धागा. मी छोट्या व्यावसायिकांची विवरणपत्रं भरतो. या धंद्यात प्रवाह वाढले की लोक ज्या ठिकाणी ठेचकाळतात, तेवढंच लिहितो.

सगळे प्रवाह एकाच पॅनवर येतात. फी, डिझाइनं, यूट्यूब, क्लास, चौकशा, सगळं एकत्र धरून महाराष्ट्रात सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी. "प्रत्येकातून चार-चार लाखच येतात" हे उत्तर चालत नाही. सर्वांत मोठी चूक म्हणजे गिऱ्हाइकाच्या जाहिरातीचे पैसे स्वतःच्या खात्यातून फिरवणं. तुमची फी आठ हजार आणि जाहिरात चाळीस हजारांची. ते अठ्ठेचाळीस हजार तुमच्या खात्यात दिसले की उलाढाल फुगते, आणि गिऱ्हाइकाने बुडवले तर चाळीस हजारांचा खड्डाही तुमचाच. त्याचं कार्ड त्याच्याच जाहिरात खात्याला लावून घ्या.

दुसरं, कमिशन. लहान धंद्याला अंदाजे नफा दाखवायची जी सोय ४४एडी म्हणून ओळखली जाते, बँकेतून आलेल्या पैशांवर ६ टक्के आणि रोखीवर ८ टक्के, ती कमिशन, दलाली आणि एजन्सीच्या उत्पन्नाला मिळत नाही. म्हणून पेटीमागचा हिस्सा किंवा ॲफिलिएटची रक्कम वेगळी लिहा, फीमध्ये मिसळू नका. कमिशन देतानाच होणारी करकपात (टीडीएस) ऑक्टोबर २०२४ पासून ५ वरून २ टक्के झाली आहे, म्हणजे आता कमी कापलं जातं. उरलेला कर आपल्यालाच भरायचा असतो, हे लोक विसरतात आणि मार्चमध्ये धावपळ होते.

तिसरं, फुकट वस्तू. व्हिडिओ करायला कंपनीने फवारणी पंप दिला आणि तुम्ही तो ठेवून घेतला, तर तेही उत्पन्न. जुलै २०२२ पासून वर्षाला २० हजारांवरच्या अशा लाभावर १० टक्के कपात आहे. आणि पैसे किंवा वस्तू घेऊन शिफारस करत असाल तर तसं स्पष्ट लिहा. ग्राहक संरक्षणाच्या नियमांत फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. मराठी व्हिडिओवर सरळ "जाहिरात" हा शब्द टाका, कुठेतरी खाली बारीक अक्षरात नको.

परदेशातल्या मंडळाचं किंवा दुकानाचं काम घेत असाल आणि जीएसटी नोंदणी असेल, तर आधी एलयूटी, म्हणजे जीएसटीचं हमीपत्र, भरून ठेवा. मग त्या बिलावर कर लावावा लागत नाही.

---

मांडवीतीर

मी थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नये.

मी पणजीला असतो, होमस्टे आणि लहान हॉटेलांची कामं करतो. पावसाळ्यात आमच्याकडे शुकशुकाट असतो, म्हणून मीही मध्यंतरी सहा गोष्टी सुरू केल्या. ड्रोनचे व्हिडिओ, कोर्स, मराठी-कोंकणी मजकूर लिहून देणं, पॉडकास्ट, टी-शर्ट, एक ॲपसुद्धा. दीड वर्षात काय झालं? मुख्य गिऱ्हाइकांच्या फोनला उत्तर द्यायला दोन-दोन दिवस लागायला लागले. डिसेंबरच्या तोंडावर एका होमस्टेच्या नोंदीवर जुना फोन नंबर तसाच राहिला. बाईंनी मला काही बोल लावला नाही, फक्त जानेवारीत काम दुसऱ्याला दिलं. ते मला आजही लागतं.

एकच काम उत्तम करावं आणि त्याचे दर वाढवावेत, असं माझं मत झालं आहे. ताईंना पूर आला म्हणून पटतं, पण प्रत्येकाने पाच गोष्टी कशाला उघडायच्या?

---

वाशिष्ठीकाठ

मांडवीतीर, राग कशाचा! तुमचं म्हणणं अगदी खरं आहे आणि मी मूळ लेखात ते लिहायला हवं होतं.

माझ्याकडे शंभर पानी वही आहे. चार रकाने: काम, तास, आलेले पैसे आणि "कुणामुळे बंद पडेल". रोज रात्री जेवण झालं की भरते, पाच मिनिटं लागतात. गेल्या महिन्याची पानं समोर आहेत. महिन्याच्या फीची कामं ९६ तास. देखभाल १४ तास. सणांची डिझाइनं २१ तास, कारण गणपती होते. क्लास ८ तास. फीच्या कामाचे तास निम्म्याखाली गेले तर दुसरं काहीतरी कमी करायचं, हा मी स्वतःला घालून दिलेला नियम आहे. ॲफिलिएट ब्लॉग त्याच वहीने बंद केला. बंद करताना वाईट वाटलं, कारण त्या ब्लॉगवर लोक छान प्रश्न विचारायचे.

तुमच्या सहा गोष्टींपैकी मराठी-कोंकणी मजकूर मला वेगळा दिसतो. त्याला नवं गिऱ्हाईक शोधावं लागत नाही, नवं यंत्र लागत नाही आणि ज्या होमस्टेचं काम करता त्यांनाच तो हवा असतो. टी-शर्टला गोदाम लागतं, माप लागतं, परत आलेला माल सांभाळावा लागतो. शेतकरी गाय ठेवतो तेव्हा कडबा शेतातलाच असतो आणि शेण परत शेतात जातं. ज्या जोडधंद्याचा चारा विकत आणावा लागतो, तो मी आता घेत नाही.

आणि दर वाढवण्याबद्दल शंभर टक्के सहमत. पुरानंतर मी सर्वांत आधी तेच करायला हवं होतं, पण त्या वर्षी चिपळूणमध्ये कुणाला दर वाढवून सांगायचं धाडस झालं नाही.

---

मांडवीतीर

कडब्याचं पटलं. मजकुराचं काम परत सुरू करून बघतो, पावसाळ्यापुरतं.

---

नवखा_ओझर

एक प्रश्न विचारू का? मी बी.कॉम. झालो आहे, ओझरला राहतो. मामेभावाच्या ओळखीच्या एका सरांनी "ऑनलाइन मार्केटिंग बिझनेस" सांगितला आहे. पंधरा हजार भरून आयडी घ्यायचा, त्यात व्हिडिओ कोर्स मिळतो, मग आपल्याखाली तीन माणसं जोडायची आणि त्यांनी पुढे तीन. सर म्हणतात, पाच प्रकारे पैसे येतील. शनिवारी हॉटेलात मीटिंग आहे. हा धागा वाचून गोंधळलो आहे. हे त्यातलंच आहे का?

---

हिशोबाची वही

नाही. पैसे भरू नका, असं स्पष्ट सांगतो.

स्वतःला एक प्रश्न विचारा. उद्यापासून एकही नवा माणूस जोडला गेला नाही, तर पैसे कुठून येतील? वाशिष्ठीकाठ यांच्या साठ दुकानांत एकसष्टावं आलं नाही तरी साठांना डिझाइन हवंच असतं. तुमच्या सरांकडे उत्तर "पुढचे पंधरा हजार" हेच असणार. ते पाच प्रकार एकाच खिशातून येतात, नंतर येणाऱ्याच्या. माणसं जोडण्यावर पैसे देणाऱ्या साखळी योजनांवर आपल्याकडे १९७८ पासून बंदीचा कायदा आहे आणि २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांतही पिरॅमिड योजनांना मनाई आहे. जोडणारासुद्धा अडचणीत येतो. मामेभाऊ त्यात असेल तर त्यालाही हे दाखवा.

---

मळणीयंत्र

दादा, आमच्या गल्लीतल्या एका पोराने असेच भरले, आणि आपल्या सख्ख्या मावशीला भरायला लावले. पैसे गेले त्याहून मावशीकडचं येणंजाणं तुटलं ते वाईट. जाऊ नका शनिवारी.

---

नवखा_ओझर

नाही जात. मामेभावाला रात्री फोन केला, तो आधी चिडला, मग म्हणाला त्याचेही अजून परत आलेले नाहीत.

मग सुरुवात कुठून करू? माझ्याकडे पंधरा हजार आहेत आणि एक जुना लॅपटॉप.

---

वाशिष्ठीकाठ

ते पंधरा हजार बँकेतच राहू द्या. सुरुवातीला पैसे लागत नाहीत.

ओझर म्हणजे आजूबाजूला द्राक्ष-बेदाणा, नर्सरी, ट्रॅक्टर गॅरेज. ओळखीतलं एक दुकान निवडा, ज्याचे मालक तुम्हाला नावाने हाक मारतात. गूगलवर त्याची नोंद बघा. निम्म्या दुकानांचा फोन चुकीचा असतो, वेळ चुकीची, फोटो कुणीतरी रस्त्यावरून काढलेला. मालकाच्याच मोबाईलवरून, त्याच्याच नावाने नोंद ताब्यात घ्या. सकाळी दहाच्या उजेडात दहा फोटो काढा, पाटी, आतलं कपाट, मालक स्वतः. महिनाभर रोज त्या नोंदीवर एक छोटी पोस्ट मराठीत टाका. पहिल्या दुकानाचे पैसे घेऊ नका, पण आधीचे आणि नंतरचे फोन किती आले, ते मालकाकडून लिहून घ्या. तो कागद घेऊन दुसऱ्या दुकानात जा आणि तिथे पैसे मागा. जाहिरात चालवायची वेळ आली तर मालकाला आधीच सांगा, १८ टक्के जीएसटी धरून हजार रुपये भरले की प्रत्यक्ष जाहिरात ८४७ रुपयांची होते. नंतर सांगितलं तर त्याला वाटतं तुम्ही मधे काढले.

पाच-सहा दुकानं नीट सांभाळता येईपर्यंत दुसरं काही जोडू नका. जोडाल तेव्हा एखादं तरी गिऱ्हाईक द्राक्षाच्या बाहेरचं असू द्या. एका अवकाळी पावसात काय होतं ते तुमच्याकडे मी सांगायला नको.

---

नवखा_ओझर

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका काकांचं पंप दुरुस्तीचं दुकान आहे. आत्ताच गूगलवर पाहिलं. दुकान "कायमचं बंद" असं दाखवतं आहे! काका तर रोज रात्री नऊपर्यंत असतात. उद्या सकाळी जातो.

---

वाशिष्ठीकाठ

जा, आणि जाताना त्यांना आवडतो तो चहा घेऊन जा, तासभर बसावं लागेल. खात्री करायला गूगल कदाचित दुकानाचा व्हिडिओ मागेल. पाटी, रस्ता आणि शटर उघडतानाचं, असं सलग चित्रण करा, मधे थांबवू नका. अडलात तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, माझा नंबर देते. रविवारी दुपारनंतर मी मोकळी असते.